शेवटच्या भागात गॉथमची माणसं कुठे गेली?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. ज्यांनी ही चित्रत्रयी अजून पाहिलेली नाही त्यांना आधीच सांगतो, पुढे सगळे शेवट फोडलेले आहेत.)

मागच्या वेळी ‘द डार्क नाइट’वर बोलणं झालं तेव्हा जाताजाता दोघातिघांनी अडवून विचारलं होतं, की दुसऱ्यावर तासभर बोललात, मग तिसऱ्यावर गप्प का? गप्प होतो, कारण आमच्यातच एकमत नव्हतं. आम्ही म्हणजे आमचा पाचसहा जणांचा गट, महिन्यातून एकदा एक चित्रपट एकत्र बघायचा आणि मग चहा गार होईपर्यंत भांडायचं. तिसऱ्या भागावर आम्ही जितके भांडलो तितके कशावरच नाही. आज एकमत झालंय म्हणून बोलतोय असंही नाही. पण भांडण नक्की कशावरून आहे ते आता थोडं कळलंय, तेवढं सांगतो.

आधी उजळणी. क्रिस्टोफर नोलनची बॅटमॅन त्रयी: २००५ साली ‘बॅटमॅन बिगिन्स’, २००८ साली ‘द डार्क नाइट’, आणि जुलै २०१२मध्ये ‘द डार्क नाइट राइझेस’. तिन्हीत ब्रूस वेन म्हणजे ख्रिश्चन बेल. दुसऱ्या भागातला जोकर हीथ लेजरने केला, चित्रपट येण्याआधीच तो गेला, आणि त्याला मरणोत्तर ऑस्कर मिळालं. तिसऱ्याला ऑस्करचं एक नामांकनसुद्धा नाही. पण गल्ला बघाल तर जगभरात एक अब्ज डॉलरच्या वर. म्हणजे लोकांनी बघितला, पुन्हा पुन्हा बघितला, आणि बाहेर येऊन कुरकुर केली. चाहत्यांचा पारा तर असा, की प्रदर्शनाच्या आधी ज्या समीक्षकांनी विरोधात लिहिलं त्यांना धमक्या गेल्या. धमक्या देणाऱ्या बहुतेकांनी तेव्हा चित्रपट पाहिलेलाही नव्हता. भक्ती म्हणतात ती ही.

कथा दोन वाक्यांत सांगायची तर अशी. आठ वर्षं घरात कोंडून घेतलेला, काठी टेकत चालणारा ब्रूस वेन पुन्हा मुखवटा चढवतो, बेन नावाचा मुखवटेधारी पैलवान त्याची पाठ मोडून त्याला दूर देशातल्या एका विहिरीसारख्या तुरुंगात टाकतो आणि गॉथम शहर ताब्यात घेतो. शहरात एक अणुबॉम्ब आहे, तो पाच महिन्यांत आपोआप फुटणार, त्याआधी ब्रूसने वर चढून परत यायचं. आमच्यातला एक जण या बेनला पहिल्यापासून ‘बेणं’ म्हणतो, त्यामुळे आम्हांला त्याची भीती कधी नीट वाटलीच नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. (हशा)

आता आरोपपत्र. हे तुम्हां सगळ्यांना पाठ असेल, म्हणून भराभर घेतो. शेअर बाजारावरचा दरोडा भर दिवसा पडतो, चोरांचा प्रोग्रॅम चालायला काही मिनिटं लागणार असतात, आणि मोटरसायकली बोगद्यातून बाहेर येतात तर रात्र! शहराचे जवळजवळ सगळे पोलीस एकाच वेळी भुयारांत पाठवायचा हुकूम कुठला आयुक्त देईल? आणि महिनोन्‌महिने अंधारात अडकलेले ते पोलीस बाहेर येतात ते दाढीबिढी केलेले, वर्दी ठीकठाक. मोडलेली पाठ एका गुद्द्याने आणि दोरीने टांगून बरी होते. आमच्यातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञाने त्या दृश्याला उठून नमस्कार केला होता. आणि सगळ्यांत लाडका प्रश्न: विहिरीतून बाहेर आलेला माणूस, खिशात दमडी नाही, पासपोर्ट नाही, तो वेढा पडलेल्या गॉथममध्ये पोचला कसा?

यांतल्या काही प्रश्नांना उत्तरं आहेत, आणि ती चाहत्यांनीच दिलेली आहेत. पोचला कसा, तर पहिला भाग आठवा. ब्रूस वेन सात वर्षं घरातून बेपत्ता होता, चोरांबरोबर राहिला, चोऱ्या केल्या, तुरुंगात गेला. पैशांवाचून सीमा ओलांडायचं शिक्षण त्याने पहिल्याच चित्रपटात घेतलंय. आठ वर्षं घरात का बसला? कारण दुसऱ्या भागातच त्याला मुखवटा उतरवायचा होता, हार्वी डेंटच्या हाती शहर सोपवून मोकळं व्हायचं होतं. लोक म्हणतात, शेवटच्या दृश्यात तो पळत होता, म्हणजे पुढे वर्षानुवर्षं पळतच लढला असणार. ते आपण मनाने धरलं, चित्रपटाने तसं कबूल केलं नव्हतं.

दाढीचं आणि रात्रीचं उत्तर मात्र नाही. चूक ती चूक.

पण या चुका आपल्याला इतक्या का टोचतात? दुसऱ्या कुठल्या सुपरहिरोच्या चित्रपटात दाढी कोण बघतं? याचं कारण नोलननेच आपल्याला ती सवय लावली. ‘बिगिन्स’मध्ये मुखवट्याचे सुटे भाग मागवायचे तर संशय येऊ नये म्हणून दहा हजारांची ऑर्डर टाकावी लागेल, असं आल्फ्रेड सांगतो. गाडी कुठून आली, तर लष्करासाठी बनवून पडून राहिलेली. म्हणजे पहिल्या भागात आपल्याला प्रत्येक खिळ्याची पावती दाखवली. मग तिसऱ्या भागात आपण पावती मागितली, की म्हणायचं, अहो, ही दंतकथा आहे, तर्क काय लावता! हे बरोबर नाही. चाहत्यांचा राग इथे न्याय्य आहे, असं आमचं मत.

तरीसुद्धा आम्हांला वाटतं, की या हिशेबात खरं भगदाड दिसायचं राहून गेलं. घड्याळ तपासता तपासता माणसं मोजायची राहिली.

दुसऱ्या भागातला तो दोन बोटींचा प्रसंग आठवा. एका बोटीत सामान्य नागरिक, दुसरीत तुरुंगातले कैदी. दोन्हीत स्फोटकं, आणि प्रत्येक बोटीच्या हाती दुसऱ्या बोटीचा डिटोनेटर. जोकरचा हिशेब असा, की जीव वाचवायला कोणीतरी कळ दाबणारच. तिकडे नागरिकांच्या बोटीत मतदान होतं, बहुमत दाबा म्हणतं, एक मध्यमवयीन गृहस्थ तावातावाने पुढे होऊन ते यंत्र हातात घेतो, आणि त्याच्याने होत नाही. परत ठेवतो, आपल्या जागी जाऊन बसतो. दुसऱ्या बोटीत एक धिप्पाड कैदी ते यंत्र मागून घेतो आणि खिडकीबाहेर टाकून देतो. या दोघांना नावं नाहीत. त्रयीतलं सगळ्यांत मोठं शौर्य या दोन अनामिकांनी केलंय, बॅटमॅनने नाही.

आणि लगेच, त्याच चित्रपटाच्या शेवटी, बॅटमॅन आणि गॉर्डन ठरवतात की या लोकांना सत्य झेपणार नाही. हार्वी डेंट खुनी झाला होता हे लपवायचं, डेंटचे खून बॅटमॅनने अंगावर घ्यायचे, डेंटला हुतात्मा करायचं. आत्ता तासाभरापूर्वी ज्यांनी एवढं मोठं ओझं पेललं त्यांना ही एक बातमी पेलणार नाही? हा विरोधाभास दुसऱ्या भागात आहेच. आपण तेव्हा संगीताच्या लाटेवर होतो, लक्षात आलं नाही.

तिसरा भाग सुरू होतो तो या खोट्याच्या व्याजापासून, आणि इथे आम्ही नोलन बंधूंना मनापासून दाद देतो. डेंटच्या नावाने कायदा झालाय, त्या कायद्याखाली हजारभर माणसं आत आहेत, पॅरोल नाही. शहर शांत आहे. गॉर्डन आतून कुरतडला गेलाय, बायकोमुलं सोडून गेलीत, खिशात कबुलीजबाब लिहून ठेवलेला आणि वाचायची हिंमत नाही. तो कागद बेनच्या हाती लागतो. तुरुंगाच्या दारात, कॅमेऱ्यांसमोर, बेन तो वाचून दाखवतो. शहराला आठ वर्षांनी सत्य कळतं, तेही शत्रूच्या तोंडून. तिन्ही चित्रपटांत याहून चांगली मांडणी झालेली नाही. सुपरहिरोच्या एका उदात्त त्यागाचं पुढे सरकारी कायद्यात काय होतं, हे कुठल्या चित्रपटाने दाखवलंय?

आता प्रेक्षक म्हणून आपण काय बघायला आतुर असतो? लोक काय म्हणतात ते! फसवणूक कळल्यावर बोटीवरचा तो गृहस्थ काय म्हणाला? आठ वर्षं आत काढलेल्या कैद्याच्या आईला काय वाटलं? डेंटचा फोटो भिंतीवर लावणाऱ्यांनी तो उतरवला का?

काहीच नाही. चित्रपट तिथून पुढे गॉथमच्या लोकांकडे बघतच नाही. पाच महिने शहर वेढ्यात आहे आणि आपल्याला एकही स्वयंपाकघर दिसत नाही. रेशनच्या गाड्या दिसतात, रेशन घेणारा हात दिसत नाही. शाळा चालू आहेत का, दुकानदार काय करतात, बेनला मानणारे किती आणि भिणारे किती, कशाचा पत्ता नाही. न्यायालयाचा एक प्रसंग आहे, पहिल्या भागातला स्केअरक्रो उंच आसनावर बसून धनिकांना गोठलेल्या नदीवरून चालत जायची शिक्षा देतो. समोर गर्दी आहे, ओरडते आहे. त्या गर्दीत एकही चेहरा नाही.

एकच प्रसंग याला अपवाद. सेलिना काइल, म्हणजे ॲन हॅथवेने केलेली चोर, एका लुटलेल्या बंगल्यात उभी आहे, हातात कोणाच्या तरी कुटुंबाचा फुटक्या काचेचा फोटो. ती म्हणते, हे कोणाचं तरी घर होतं. तिची मैत्रीण म्हणते, आता ते सगळ्यांचं आहे. मिनिटभराचा तुकडा. पण त्यात एक श्रीमंतांवर चिडलेली मुलगी आपल्याच इच्छेकडे बघून गप्प होते. असे चार प्रसंग असते, तर दाढीबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नसतं.

याच्या राजकारणावर खूप लिहून झालंय. चित्रीकरण चालू असतानाच, २०११च्या शरदात, न्यूयॉर्कमध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’चं आंदोलन पेटलं, त्यामुळे अनेकांना हा चित्रपट आंदोलकांविरुद्धची टीका वाटला. पटकथा त्याआधीची, त्यामुळे तसा थेट आरोप आम्ही करणार नाही. आमची तक्रार साधी आहे. हा उठावाचा चित्रपट आहे आणि यात उठाव करणारं कोणी नाही. बेन शहर लोकांच्या हाती देतो म्हणतो, पण विहिरीत ब्रूसला आधीच सांगून गेलाय, की आशा दाखवून मारायचंय. म्हणजे क्रांती पहिल्या दिवसापासून खोटी. मग लोकांना खरोखर काय हवं होतं या प्रश्नाला हात लावायची गरजच उरत नाही. सुटले लेखक!

आणि आता ते डिटोनेटर. बेन भर मैदानात जाहीर करतो, की बॉम्बची कळ एका सामान्य नागरिकाच्या हातात आहे. बघा, पुन्हा तीच मांडणी, सामान्य माणूस आणि कळ. दुसरा भाग पाहिलेल्या माणसाच्या अंगावर इथे काटा यायला हवा. हा सामान्य नागरिक कोण निघतो? मिरांडा टेट. वेनच्या कंपनीच्या संचालक मंडळावरची श्रीमंत बाई, आणि तीही प्रत्यक्षात पहिल्या भागातल्या खलनायकाची मुलगी, तालिया. दुसऱ्या भागात सामान्य माणसाच्या हातात खरोखर कळ होती आणि त्याने ती परत ठेवली. तिसऱ्यात सामान्य माणूस हे नुसतं वेषांतर आहे. लोक तालियाच्या रहस्यस्फोटाला हसतात, तिच्या मरण्याच्या अभिनयाची नक्कल करतात, बेन एवढा मोठा आणि शेवटी सेलिनाच्या तोफेने क्षणात उडतो म्हणून हळहळतात. ते सगळं खरंच आहे. पण आमच्या मते त्या प्रसंगात मोडलं ते हे, की त्रयीचा स्वतःच्याच सर्वोत्तम प्रसंगावरचा विश्वास उडाला.

गुणांबद्दल बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल आम्ही वचपा काढायला आलोय. विहीर घ्या. ब्रूस दोनदा दोरी बांधून चढतो, दोनदा पडतो. मग कैदी त्याला सांगतो, की तुला मरणाची भीती उरलेली नाही म्हणून तू पडतोस, दोरी सोड. पहिल्या भागाचा सगळा प्रवास भीती जिंकण्याचा होता. तिसरा भाग म्हणतो, भीती जिंकून तू अर्धमेला झालास, आता ती परत मिळव. विचार म्हणून हे फार चांगलं आहे, आणि वटवाघळांचा थवा भिंतीतून सुटतो तेव्हा पहिल्या चित्रपटातली विहिरीत पडलेल्या लहान मुलाची आठवण अचूक जागी लागते. तो वर येतो तेव्हा मागे जोधपूरचा मेहरानगड दिसतो, हे आपल्या थेटरांत लोकांनी बरोबर ओळखलं होतं. आणि खालचे कैदी घोष करतात तो ‘देशी बसरा’. अर्थ चित्रपटातच सांगितलाय, तो वर चढतोय असा काहीसा. पण आपल्याकडे ‘देशी’ म्हटल्यावर पहिल्या रांगेतून जो प्रतिसाद येतो तो हान्स झिमरने गृहीत धरला नसावा. (हशा)

दुसरा गुण म्हणजे हा चित्रपट संपतो. हसू नका. सुपरहिरोची गोष्ट संपवणं धंद्याला परवडत नाही, कायम पुढच्या भागासाठी दार किलकिलं ठेवतात. इथे माणूस मुखवटा उतरवून निघून जातो. वारसा ब्लेक नावाच्या तरुण पोलिसाला, वाडा अनाथ मुलांना. बेल पुन्हा त्या भूमिकेत आला नाही, नोलन परतला नाही. पावणेतीन तास वैतागलेले आमचे मित्रसुद्धा शेवटच्या दहा मिनिटांत मऊ पडतात, दर वेळी.

पण त्या दहा मिनिटांतच आमचं सगळ्यांत मोठं भांडण आहे. ब्रूस बॉम्ब समुद्रावर घेऊन जातो, स्फोट होतो, शहर समजतं बॅटमॅन मेला. पुतळा उभा राहतो. वेनच्या थडग्यापाशी चारच माणसं आहेत, गॉर्डन डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’चा शेवट वाचतो. कादंबरीत सिडनी कार्टन दुसऱ्याच्या जागी गिलोटिनवर जातो, खरोखर मरतो. ते शब्द इथे वाचले जातात अशा माणसासाठी, जो मेलेला नाही. म्हणजे अडीच तास ज्या चित्रपटाने सांगितलं की हुतात्म्याचं खोटं शहराला सडवतं, तोच चित्रपट शेवटी नवा खोटा हुतात्मा उभा करतो आणि आपल्याकडून टाळी घेतो!

आमच्यातले काही म्हणतात, फरक आहे. डेंटच्या खोट्यावर कायदा उभा राहिला, माणसं आत गेली. बॅटमॅनच्या खोट्याने कोणाचं काही घेतलं नाही, फक्त एका माणसाला सुटका दिली. हे म्हणणं वजनदार आहे. पण खुणा कोणाकोणाला मिळतात ते बघा. फॉक्सला कळतं की विमानाचा ऑटोपायलट ब्रूसने सहा महिन्यांपूर्वीच दुरुस्त केला होता. गॉर्डनला छपरावरचा दिवा नवा झालेला दिसतो. ब्लेकला गुहेचा पत्ता मिळतो. जवळच्या प्रत्येकाला काही ना काही, आणि शहराला दगडी पुतळा. लोकांना पुन्हा एकदा सत्याच्या लायकीचं धरलं नाही.

इथे थांबतो. वेळ झालीच आहे, आणि तिकडे एक हात केव्हाचा वर आहे. हां, बोला.

(श्रोत्यांमधून प्रश्न: फ्लॉरेन्सच्या कॅफेत आल्फ्रेडला ब्रूस खरंच दिसतो, की ते त्याचं स्वप्न?)

खरंच दिसतो, असं आमचं मत. ऑटोपायलटची खूण त्याच्यासाठीच पेरली आहे, शिवाय मृत्युपत्राच्या वेळी मोत्यांची माळ यादीतून गायब असल्याचा उल्लेख येतो. सेलिना काइलला ती माळ आवडायची हे आपल्याला माहीत आहे. स्वप्न असतं तर एवढा हिशेब कोण ठेवतो?

पण तुमच्या प्रश्नाच्या मागे एक दुसरा प्रश्न आहे, तो आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारला होता. आल्फ्रेड त्या थडग्याजवळ ब्रूसच्या आईवडिलांची क्षमा मागत ढसाढसा रडतो, मायकेल केनचं ते काम बघवत नाही. बाई म्हणाल्या, पोटच्या पोरासारखा वाढवला त्याने, मग याला एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं? आम्ही त्यांना समजावलं, की बाई, आल्फ्रेडनेच आधी सांगितलं होतं ना, की तू मला कॅफेत पलीकडच्या टेबलावर दिसावास, तू काही बोलू नयेस, मी काही बोलू नये, इतकंच माझं मागणं. ब्रूसने शब्दशः तेच दिलं त्याला.

बाई म्हणाल्या, बोलू नकोस असं म्हणाला होता तो. रडव असं नव्हता म्हणाला.

त्याला आमच्याकडे अजून उत्तर नाही. मागच्या रांगेत कोण आहे? हां, तुम्ही बोला.